चार नंबरचा सायलो

शिवांगी ढवळेचं त्या दिवशीचं काम तसं साधंच होतं. तळहातावर मावेल एवढा कॉम्प्युटर घेऊन जायचा, मक्याच्या एका सायलोला, म्हणजे धान्य साठवायच्या उंच पत्र्याच्या कोठीला, तो बसवायचा, त्याला नीट ऐकू येतंय ना हे बघायचं आणि रात्रीच्या जेवणाला डब्लिनला परतायचं. ओहायोतलं डब्लिन. घरातून निघताना तिनं राजमासुद्धा भिजत घातला होता.

गाडी देवांग चालवत होता. तो तिच्याहून दोन-तीन वर्षांनी सीनियर, मूळचा पुण्याचा. बोलायला लागला की हायवे संपेपर्यंत थांबायचा नाही. त्यांची कंपनी लहान, एका मोठ्या इमारतीच्या मागच्या अंगाला चार खोल्यांत थाटलेली. हा सायलो म्हणजे त्यांचं पहिलं खरंखुरं गिऱ्हाईक.

"आज डेमो नीट झाला ना, की पुढचे सगळे सायलो आपले," देवांग म्हणाला. "आणि नाही झाला तर जानेवारीत तू आणि मी, दोघंही नवीन स्पॉन्सर शोधत फिरतोय. कळतंय ना, यार?"

शिवांगीला कळत होतं. तिच्या व्हिसाचं रिन्यूअल तोंडावर आलं होतं. पण तिच्या डोक्यात त्या घडीला तो छोटा कॉम्प्युटर, म्हणजे बोर्डच होता. प्रवासात नेतात तसल्या साबणाच्या डबीत तिनं तो ठेवला होता, खाली स्पंज घालून. मायक्रोफोनची वायर गुंडाळून मांडीवर.

सायलोत माणसं मरतात. बाहेरून बघणाऱ्याला हे पटत नाही. मक्याच्या ढिगात कोण कसा बुडेल? पण सायलोच्या तळाशी मका ओढून बाहेर काढणारा एक लांब लोखंडी स्क्रू असतो, तिकडे त्याला ऑगर म्हणतात. तो फिरत असताना मक्यावर कुणी उभं राहिलं, तर मका पाण्यासारखा पायाखालून सरकतो आणि माणूस गुडघ्यांवरून गळ्यापर्यंत कधी गेला, हे त्याचं त्यालाही समजत नाही. हाक मारली तरी बाहेर पोचत नाही. म्हणून हा बोर्ड. पत्र्याला चिकटवलेल्या मायक्रोफोनमधून त्यानं आतलं ऐकायचं, आणि माणसाची चाहूल लागली की तिथल्या तिथं ऑगर बंद पाडायचा. आवाज इंटरनेटवरून लांबच्या सर्व्हरला पाठवायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचं, एवढी सवड तिथं नसते. त्या माळरानात नेटवर्कही धड नव्हतं. ऐकायचंही त्यानंच आणि ठरवायचंही त्यानंच.

ते पोचले तेव्हा दुपार कलायला लागली होती. चहूकडे कापणी झालेली सपाट शेतं, मक्याचे बुडखे तेवढे उरलेले, आणि मधोमध राखाडी पत्र्याचे ते उंच सायलो. वाऱ्याला अडवायला दुसरं काहीच नव्हतं. सुकलेल्या मक्याचा गोडसर वास हवेत भरून होता, आणि जरा जवळ गेलं की त्याच्या तळाशी आंबल्यासारखा, ओल्या गोणपाटासारखा वास यायचा.

डेल नावाचा म्हातारा तिथं सगळं बघायचा. सत्तरीच्या घरातला, उंच, खांद्यात किंचित वाकलेला. शिवांगीचं नाव त्याला काही केल्या म्हणता येईना, शेवटी त्यानं ते 'शिव' एवढ्यावरच भागवलं.

"तुम्हाला जे काय करायचं ते बाहेरून करा," हातमोजे काढत तो म्हणाला. "माझा इथं एकच नियम आहे. आत कुणी उतरायचं नाही. काही पडलं, काही अडकलं, तरी नाही."

"आम्हाला आत जायचंच नाही," शिवांगी म्हणाली. "आमचं काम पत्र्याच्या बाहेरूनच होतं."

"कुठल्या सायलोला लावणार?"

"ज्याचा मका आज काढताय, त्याला."

डेलनं मान वळवून ओळीतल्या चौथ्या सायलोकडे पाहिलं. "तो चार नंबरचा," तो म्हणाला, आणि हातमोजे परत चढवायला लागला.

सायलोला लागूनच पत्र्याची एक खोली होती, मोटरचे सगळे स्विच तिथं. शिवांगीनं टेबलावरची धूळ फुंकली आणि बोर्ड मांडला. मेमरी कार्ड सरकवलं, वीज दिली. आधी लाल दिवा लागला, मग हिरवा लुकलुकायला लागला. मायक्रोफोन तिनं बाहेर जाऊन पत्र्याला खांद्याच्या उंचीवर चिकटवला आणि त्याची वायर भिंतीतल्या भोकातून आत घेतली. देवांगनं ऑगरच्या पेटीत रिले जोडला, म्हणजे बोर्डानं खूण केली की वीज तोडणारा खटका. लॅपटॉप जोडल्यावर काळ्या पडद्यावर अक्षरं पळायला लागली, आणि शिवांगीला नेहमीसारखं बरं वाटलं. परक्या जागी आपल्या ओळखीचं काहीतरी सुरू झालं की वाटतं तसं.

मग शिकवणी. ऑफिसात माणसांच्या हाकांवर आणि ठोठावण्यावर बोर्डाची तयारी झालेलीच होती, आता त्याला या जागेचे आवाज ओळखीचे करून द्यायचे होते. आधी नुसती शांतता, मग वारा, मग मोटर. डेलनं ऑगर सुरू केला तशी पायाखालची जमीन बारीक थरथरली आणि बाहेर उभ्या ट्रकमध्ये मक्याची पिवळी धार पडायला लागली. पडद्यावर एकेक शब्द उमटत होता. मोटर. मका. मका. वारा. मका.

"ए वन!" देवांगनं टेबलावर थाप मारली.

पडद्यावर शब्द आला : माणूस.

खट् करून रिले पडला. मोटर घुमत घुमत थांबली.

बाहेर पत्र्याला वारा घासत होता, तेवढाच आवाज.

"फॉल्स पॉझिटिव्ह," देवांग हसून म्हणाला. "पहिल्याच रनला येणारच. पण बंद कसं झटकन झालं, बघितलंत ना? रिले चालतोय."

डेल हसला नाही. तो बाहेर गेला, सायलोची शिडी खालपासून वरपर्यंत न्याहाळली, वरचं झाकण बंद असल्याचं पाहिलं. पाना काढून पत्र्यावर जोरात ठोकला आणि कान लावून उभा राहिला. बराच वेळ. परत आल्यावर त्यानं ऑगर सुरू केला.

शिवांगीनं हेडफोन चढवले. मका घसरताना समुद्राच्या गाजेसारखा आवाज येतो, तो कानात भरला. त्यात मोटरची घरघर. ती कानांत प्राण आणून ऐकत राहिली. आणि त्या गाजेच्या आड तिला ते ऐकू आलं. बोटांच्या पेरांनी कुणी दार वाजवावं तसं. टक... टक टक. मध्ये थांबून पुन्हा टक टक. घाई नव्हती त्यात. घरात कुणीतरी आहे हे ठाऊक असलेल्या माणसासारखं वाजवणं.

माणूस. खट्. ऑगर पुन्हा थांबला.

मोटर थांबली, पण वाजणं थांबलं नाही. आता ते मायक्रोफोनच्या अगदी जवळ आलं होतं. आणि मग वाजणं थांबलं, आणि जे उरलं ते... तिनं हेडफोन काढून देवांगपुढं धरले.

"ऐक."

देवांगनं ऐकलं. "पत्रा आकसतोय. थंडी वाढलीय ना."

"अरे, पत्रा श्वास घेतो का?"

मग त्यानं हेडफोन टेबलावर ठेवले, जरा जास्तच हळू. "वारा आहे तो. शिवांगी, प्लीज. बाहेर ट्रकवाला थांबलाय, आणि आज संध्याकाळी मला यांच्या मॅनेजरला रिझल्ट द्यायचाय."

शिवांगीनं डेलकडं पाहिलं. "आत खरंच कुणी नाही ना?"

"नाही." तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. अंगणातला उजेड राखाडी होत चालला होता, त्यात त्याचा चेहरा दिसेना. "माझा भाऊ गेला या चार नंबरात. बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, ओलीनं घट्ट जमलेला मका फोडायला उतरला. पण मी इथंच होतो. तो मला म्हणाला, डेल, आत कोणीतरी आहे. मी म्हटलं, वेडा आहेस का, कोणी नाही. मी सिगारेट आणायला गाडीपर्यंत गेलो, तेवढंच..."

ट्रकवाल्याशी बोलून येतो म्हणाला आणि कॉलर वर करून निघून गेला.

तो गेल्यावर देवांगनं लॅपटॉप स्वतःकडं ओढला. "थ्रेशोल्ड वाढवतो. अगदी पक्की खात्री असल्याशिवाय आता हा बंद नाही पाडणार."

"नको करूस. ज्यासाठी बसवलाय तेच काढून टाकतोयस तू."

"नुसतं आजच्यापुरतं गं. उद्या निवांत ट्यून कर."

तिनं आणखी बोलायला हवं होतं. पण आत कुणी नाही हे तर तिलाही पटलेलं होतं. माणसाला माहीत असलेली गोष्ट आणि त्याच्या कानांवर पडलेली गोष्ट, यांतलं कुठलं खरं धरायचं हे अशा वेळी ठरत नाही. देवांगनं आकडा बदलला, ऑगर सुरू केला. पडद्यावर शब्द सुरू झाले. मोटर. मका. मका. मका.

मका, मका, मका. शिवांगी बघत राहिली. हेडफोन तिनं परत लावले नाहीत, लावायची तिची हिंमत नव्हती. टेबलावर पालथ्या पडलेल्या हेडफोनमधून ती गाज बारीक ऐकू येत होती, आणि एकदा, फक्त एकदा, त्या गाजेत काहीतरी ओरडल्यासारखं झालं. पडद्यावर मात्र 'मका'च होतं.

"डेल कुठाय?" तिनं विचारलं.

"ट्रककडं."

ती दारात आली. ट्रकवाला एकटाच केबिनमध्ये बसून मोबाइलवर काहीतरी बघत होता. अंगण मोकळं. मग तिची नजर वर गेली. चार नंबरच्या माथ्यावरचं झाकण उघडं होतं, आणि त्या उघड्या तोंडातून टॉर्चचा पिवळट उजेड आभाळाच्या बाजूला सांडत होता. उजेड हलत होता. हलत हलत खाली जात होता.

ती मागं वळली आणि तिनं भिंतीवरचं लाल बटण तळहातानं दाबलं. मोटर थांबली.

"देवांग, तो आत आहे! तो भिंतीवरचा फोन घे, 911 लाव!"

देवांग फोनकडं धावला. शिवांगी शिडीला भिडली. गार लोखंडानं बोटं बधिर होत होती, वारा तिला शिडीवरून सोलून काढायला बघत होता. खाली बघायचं नाही, एवढंच ती स्वतःला बजावत होती. ती वर पोचली. झाकणाजवळ कठड्याला दोराचं वेटोळं टांगलेलं होतं. तिनं ते ओढलं, पोटावर पालथी पडली आणि आत डोकावली.

आंबलेला वास तोंडावर आला. वरच्या मक्यानं ओलसर होऊन घट्ट पापुद्रा धरला होता, आणि त्या पापुद्र्याला मधोमध भगदाड पडलं होतं. भगदाडात डेल होता. छातीपर्यंत मक्यात. टॉर्च शेजारी पडलेली. तो वर बघत नव्हता. दोन्ही हातांनी आपल्यापुढचा मका उकरत होता, आणि खालच्या कुणाला तरी सांगत होता, "हो... हो, आलो... धीर धर..."

"डेल!"

त्याचे हात थांबले. त्यानं सावकाश मान वर केली. टॉर्चच्या उजेडात तिला त्याचा चेहरा दिसला, आणि पुढं कितीतरी दिवस डोळे मिटले की तिला तोच दिसायचा. आपल्याला सोडवायला माणूस आल्याचा आनंद त्या चेहऱ्यावर नव्हता.

"शिव?" तो म्हणाला. "तू... तू वर आहेस?"

"मी वरच आहे. हलू नका. मी दोर टाकतेय."

"तू वर आहेस," तो पुन्हा म्हणाला. लहान मुलासारखा त्याचा आवाज बारीक झाला. "मग खाली कोण आहे?"

तिनं दोराचा फास करून खाली सोडला. "काखेत अडकवा. हात जोडून सांगते, खाली बघू नका. माझ्याकडं बघा." त्यानं फास अडकवला. तिनं दुसरं टोक कठड्याला दोन-तीन वेढे देऊन बांधलं आणि उरलेला दोर मनगटाला गुंडाळून तशीच पालथी पडून राहिली.

खालून देवांगचा आवाज आला. "निघालेत ते! फायरवाले निघालेत!" आणि मग, रडवेला होऊन, "मला माहीत नव्हतं गं... मी चालू केला..."

तिकडचे फायरवाले म्हणजे आसपासचे शेतकरीच. त्यांना जमून यायला वेळ लागतो. उजेड गेला. टॉर्चचा प्रकाश तांबूस होत चालला. ऑगर बंद होता, मक्यानं हलायचं काही कारण नव्हतं, तरी अधूनमधून डेलभोवतीचे दाणे सुर्रकन घसरायचे आणि दोर तिच्या मनगटात रुतायचा. ती त्याच्याशी बोलत राहिली. कुठल्या गावात जन्मलात, शाळा कुठं, काहीही. तो एकेका शब्दात उत्तर द्यायचा. मग एकदा त्यानं उत्तर दिलं नाही.

"डेल?"

"पायाशी..." तो कुजबुजला. "पायाशी हलतंय."

"मका बसतोय तो. बाकी काही नाही."

"हो," डेल म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मका वर नाही सरकत."

ती दोर धरून होती आणि मनात येईल ते पुटपुटत होती, लहानपणी दिवेलागणीला म्हणायची ते शुभंकरोति, पाढे, काहीही. दूरवर लाल दिवे दिसले तेव्हा तिला रडू फुटलं, पण हात तिनं सैल सोडला नाही.

त्या लोकांनी सायलोचा पत्रा खालून कापला. मका धो धो बाहेर पडून अंगणभर पसरला. वरून दोघं उतरले, डेलभोवती लोखंडी फळ्यांचं कडं खोचून त्यातला मका उपसला आणि त्याला बाहेर काढला. तो शुद्धीवर होता. शिवांगीच्या मनगटावर दोराचा वळ उठला होता, तिला एकानं ब्लँकेटात गुंडाळून गाडीत बसवलं. "आणखी कोण होतं आत?" त्यानं तिला विचारलं.

"कोणी नाही," ती म्हणाली. "का?"

"म्हातारा सांगत होता, एक मुलगी आहे म्हणून." त्यानं खांदे उडवले. "आम्ही सगळा रिकामा करून बघितला. नुसता मका."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती हॉस्पिटलमध्ये त्याला भेटायला गेली. देवांगही आला होता, पण खोलीच्या दारापर्यंतच. "तू जा," तो म्हणाला. "मी त्यांना काय तोंड दाखवू?" आणि बाहेरच्या बाकावर हातांत डोकं धरून बसला.

डेलच्या फासळ्या दुखावल्या होत्या, नाकात ऑक्सिजनची नळी होती. तिला बघून तो उशीवर जरा सरळ झाला. तिनं आणलेली फुलं कुठं ठेवावीत ते तिला सुचेना, ती तशीच हातात धरून बसली.

"माफ करा," ती म्हणाली. "ऑगर आमच्यामुळं सुरू झाला."

"मला वाटलं तो बंदच आहे. तुझ्या डबीनं बंद पाडलाय असंच वाटलं." त्यानं हात हलवून तो विषय बाजूला सारला. "पण मी नियम का मोडला, ते तुला ठाऊक असलं पाहिजे. मी ट्रककडं चाललो होतो. सायलोच्या मागनं. आणि तू आतून हाक मारलीस. डेल, मी पडले, मला काढ. अगदी तुझाच आवाज. मला वाटलं, पोरगी मायक्रोफोन लावायला वर चढली आणि आत पडली."

"मी खोलीतच होते."

"आता कळतंय ते मला." तो खिडकीबाहेर बघत राहिला. "मी झाकण उघडलं तेव्हा तू पापुद्र्याच्या खालून बोलत होतीस. मी पाय टाकला, आणि गेलो. नंतर मी उकरत होतो तेव्हा इंग्रजी बोलायची थांबलीस. घाबरलं की माणूस आपल्या भाषेत बोलतो, म्हटलं असेल. एकच शब्द सारखा. तू वरून दोर टाकलास, तरी खाली तो चालूच होता. माझ्या गुडघ्यांपाशी, हळू हळू, कुणी दाणे मोजावेत तसा."

"कुठला शब्द?"

त्यानं डोळे मिटले. ओठ एक-दोनदा नुसतेच हलले, परक्या आवाजाला वळण देत.

"अजुनेक," तो म्हणाला. "अजुनेक... अजुनेक..."

अर्धवट उघड्या दारातून देवांगनं झटक्यात मान वर केल्याचं शिवांगीला दिसलं.

"तुझ्या भाषेतलाच ना?" डेलनं विचारलं. "अर्थ काय त्याचा?"

तिच्या हातातली फुलं ओली होती, पाणी बोटांवरून मनगटावरच्या वळात उतरत होतं. ती उठली, त्याची चादर नीट केली.

"काही नाही," ती म्हणाली. "आमच्यात असला शब्दच नाही."